मिरजेची वाट आणि बाईची बैठक

 कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गावांत, वाड्यापाड्यांवर, चुलीपुढे नाहीतर बचत गटाच्या बैठकीत बसून हा कार्यक्रम ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांचं स्वागत.

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. आपल्यातली बाई दोन दिवस घराबाहेर राहते ती कशासाठी? माहेरी जायला, लग्नाला नाहीतर मयताला, दवाखान्यात कोणाच्या उशाशी बसायला आणि देवदर्शनाला. या कारणांना घरात कोणी फारसं अडवत नाही. पण ‘मी मैत्रिणींबरोबर दुसऱ्या शहरात गाणं ऐकायला चालले’ असं एकदा सांगून बघा. सासूबाई पहिला प्रश्न विचारतील, "तिथं देव कुठला?"

गाणं आपल्या घरात नाही असं नाही. आगरी लग्नात धवलारीण धवले गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. ठाकरवाडीत, कातकरवाडीत बायका फेर धरतात. एकादशीला आपली भजनं असतात. जात्यावर तर आपल्या आज्यांनी आयुष्य गायलं. म्हणजे बाईनं गायला कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती तिनं गाण्यासाठी उंबरा ओलांडायला, आणि चार अनोळखी माणसांपुढे मानानं बसून गायला. ही हरकत कशी कमी झाली, कोणी कमी केली, त्याचा इतिहास आज सांगायचा आहे. तो एका शहराच्या आधारानं सांगते. ते शहर म्हणजे सांगली जिल्ह्यातलं मिरज.

आपल्याला मिरज माहीत असतं ते दवाखान्यांसाठी, नाहीतर रेल्वेचं मोठं जंक्शन म्हणून. पण गाणाऱ्यांना विचाराल तर ते वेगळंच सांगतील. त्यांच्यासाठी मिरज म्हणजे तंबोऱ्याचं गाव.

मिरजेची ही वाट आपल्या दारावरून जाते. मुंबईहून निघालेली रेल्वे 1856 साली खोपोलीपर्यंत आली. पुढे 1858 साली खंडाळा ते पुणे हा रस्ताही रुळांवर आला, पण मध्ये बोरघाट उभा होता. 1863 साली घाटातली रेल्वे सुरू होईपर्यंत प्रवासी खोपोलीला उतरायचे आणि पालखीतून, तट्टावर नाहीतर पायी घाट चढून खंडाळ्याला दुसरी गाडी धरायचे. घाट सुरू झाल्यावर कर्जतला गाडीला जादा इंजिनं जोडायची पद्धत पडली, ती आपण रोज बघतो. 1890 पर्यंत पुण्याहून खाली मिरजेकडची छोट्या रुळांची लाईनही झाली होती. तेव्हापासून मुंबई आणि मिरज यांच्यामध्ये जे जे गवई, नाटकवाले, वाद्यं करणारे रेल्वेनं आले-गेले, ते बहुतेक आपल्याच स्टेशनावरून गेले असणार. त्यांच्या पाठीवर वळकटी आणि खांद्याला तंबोऱ्याची गवसणी असायची. आज कॉलेजची मुलं सॅक पाठीला लावून भटकतात ते आपल्याला नवीन वाटतं. गवयांनी ते फार आधी केलं आहे.

त्यातलं पहिलं नाव बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचं. त्यांचा जन्म 1849 सालचा, इचलकरंजीजवळच्या चंदूर गावचा. लहान वयातच आई गेली. गाणं शिकायचं या एका ध्यासानं हा मुलगा घराबाहेर पडला. त्या काळी राग शिकायला शाळा नव्हती. गुरू शोधायचा, त्याच्या घरी पाणी भरायचं, पडेल ते काम करायचं आणि मग त्याच्या मर्जीनं विद्या मिळायची. बाळकृष्णबुवा असे एका गुरूकडून दुसऱ्याकडे फिरत राहिले आणि अखेर ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडे त्यांचं शिक्षण झालं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारे म्हणून त्यांचं नाव आजही घेतात. पुढे ते मिरजेत राहू लागले.

मिरजेत त्यांच्याकडे कुरुंदवाडचा एक मुलगा शिकायला आला, विष्णू दिगंबर पलुस्कर. फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, वाचणं-लिहिणं अवघड झालं, म्हणून त्याला गाण्याकडे वळवलं गेलं. बरीच वर्षं शिकून 1896 साली विष्णू दिगंबरांनी मिरज सोडली आणि तेही गावोगाव फिरू लागले. या फिरण्यात त्यांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण नीट बघा. तोवर गाणं राजाच्या दरबारात नाहीतर सावकाराच्या दिवाणखान्यात असायचं, आणि तिथं आमंत्रणाशिवाय पाऊल ठेवता यायचं नाही. तिकिटानं ते दार उघडलं. पैसे भरले की कोणीही सतरंजीवर बसावं. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं शिकायला गवयाच्या घरात जन्म घ्यावा लागतो, ही समजूत त्या शाळेनं मोडली. आज आपल्या मुली ज्या ‘प्रारंभिक’, ‘प्रवेशिका’ परीक्षा देतात, त्या घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेतही आहे, ते याच नात्यानं.

पण मिरजेची ओळख फक्त गाणाऱ्यांनी घडवलेली नाही. हाताला काळं लागलेल्या माणसांनीही ती घडवली आहे. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. तिथं शिकलगार समाजातली मंडळी तलवारी, भाले, हत्यारं बनवायची, त्यांना धार लावायची. इंग्रजांचं राज्य आलं, लढाया थांबल्या आणि या कारागिरांचं काम सुटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता नवी वाद्यं करायला घेतली. हत्यार घासणारा हात तंबोऱ्याच्या लाकडावर फिरू लागला. लोक त्यांना सतारमेकर म्हणू लागले आणि तेच आडनाव झालं. मिरजेत आजही सतारमेकर गल्ली आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. बचत गटात आपण म्हणतो, एक धंदा बसला तर दुसरा शिकावा. त्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आमच्या भजनी मंडळातल्या सहा जणी मिरजेला जाऊन आलो, तेव्हा या गल्लीतच पहिल्यांदा गेलो. पाठीला मुलांच्या शाळेच्या जुन्या सॅक, त्यात एक पातळ, भाकरी, चटणी आणि पाण्याची बाटली. मंडळासाठी तंबोरा घ्यावा असं मनात होतं. आत्तापर्यंत आम्ही मोबाईलमधल्या सुरावरच भागवत होतो.

तिथल्या कारागिरांनी आम्हाला बसवून घेऊन सगळं दाखवलं. तंबोऱ्याचा भोपळा साधा नसतो. तो कडू भोपळा, खाता येत नाही. पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या काठी शेतकरी तो मुद्दाम लावतात. भोपळा मोठा होऊन वेलावर पक्का झाला की महिनोनमहिने वाळवायचा, मग वरून कापून, भिजवून, आतून साफ करून आकार द्यायचा. त्याला तून नावाच्या लाकडाची दांडी जोडायची. वर खुंट्या, खाली घोडी, चार तारा. एवढं झालं तरी तंबोरा बोलत नाही. घोडीचा माथा अगदी बारीक घासून जवारी लावावी लागते, आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधावी लागते. ती सापडली की एकाच तारेतून अनेक सूर उमटल्यासारखे वाटतात. हे सगळं कारागीर कानानं करतो. मशीन तिथं चालत नाही.

आम्ही तंबोरा मागितल्यावर पहिला प्रश्न आला, "लेडीज हवा की जेंट्स?" आम्ही हसलो. वाटलं, सायकलीसारखंच इथंही आहे. मग कळलं, बायकांची पट्टी उंच असते, म्हणून त्यांचा तंबोरा लहान करतात, भोपळा लहान आणि दांडीही आखूड. पुरुषांचा मोठा. माझ्या मनात आलं, बाईच्या आवाजाच्या मापानं वाद्य करायला कारागिरांनी सुरुवात केली, ती कोणीतरी बाई येऊन मागू लागली म्हणूनच. ती मागायला यायच्या आधी काय काय घडलं असेल? त्याचं उत्तर याच शहरात आहे, आणि ते एका आईपासून सुरू होतं.

उत्तरेत कैराना नावाचं गाव आहे. किराणा घराण्याचं नाव त्यावरूनच आलं. तिथले अब्दुल करीम खाँ, जन्म 1872, तेही असेच फिरत फिरत बडोद्याला आले. बडोद्याला सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकली. दोघांनी एकत्र संसार करायचं ठरवलं. ती मराठा सरदाराची मुलगी आणि ते मुसलमान गवई. बडोद्यात राहणं शक्य नव्हतं, म्हणून दोघं बाहेर पडले. मुंबई, पुणे, मिरज अशी त्यांची बिऱ्हाडं झाली. 1913 साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. मिरजेशी त्यांचा जीव इतका जडला की तेच त्यांचं गाव झालं. 1937 साली पाँडिचेरीकडे जाताना वाटेत एका रेल्वे स्टेशनवर त्यांचं निधन झालं. त्यांना मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं आहे.

या दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. मोठमोठे गायक तिथं मोठ्या बिदागीसाठी येत नाहीत, हजेरी लावायला येतात. ऐकणाऱ्याला तिकीट नाही, आमंत्रण नाही. तिकडं नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही असंच गाणं होतं. म्हणजे सासूबाईंच्या प्रश्नाला मिरजेत उत्तर आहे. देव आहे, पीरही आहे, आणि दोघांच्याही दारात गाणं आहे.

आता ताराबाईंकडे वळते. 1920 च्या सुमारास त्या खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. त्याची कारणं त्या दोघांची. पण पदरात पाच मुलं होती, मागं माहेर नव्हतं आणि पुढं नवरा नव्हता. ताराबाईंनी मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, सकीना सरस्वती झाली, पुढे तिलाच महाराष्ट्र सरस्वती राणे म्हणून ओळखू लागला. आणि त्यांनी मुलांना गाणं सोडायला लावलं नाही. विचार करा, ज्या गाण्यापायी माहेर तुटलं आणि ज्या गवयाबरोबरचा संसारही मोडला, त्या गाण्याचा राग यावा असंच सगळं होतं. पण ताराबाईंना दिसत होतं की मुलांच्या हातात पोट भरण्याजोगं आणि मानानं जगण्याजोगं हेच एक आहे. नूतन संगीत विद्यालय या नावानं त्या घरानं शाळा चालवली, नाटक कंपनीही काढली.

त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर. जन्म 1905 चा, मिरजेतला. त्याच वर्षी, त्याच मिरजेत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शाकुंतल’ नाटकात एक नवा मुलगा शकुंतला होऊन उभा राहिला. तो नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. त्या काळी रंगभूमीवर बाईचं काम पुरुष करायचा आणि लोक त्याच्या लुगड्याची, चालण्याची वाहवा करायचे. बालगंधर्व थोरच होते, त्यात वाद नाही. पण चांगल्या घरची म्हणवणारी बाई स्वतः त्या जागी उभी राहिली असती, तर तिला वाहवा मिळाली नसती, तिची बदनामी झाली असती. ज्या शहरात पुरुष शकुंतला झाला, त्याच शहरात त्याच साली जन्मलेली मुलगी पुढे स्वतःच्या नावानं रंगमंचावर आली. तिच्या घरच्या कंपनीत बायका आणि पुरुष एकत्र काम करत. ती कंपनी तोट्यात जाऊन बंद पडली, पण वाट पडली ती पडलीच.

मैफलीत तर हिराबाईंनी याहून मोठं काम केलं. त्या काळात गाणारी बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दिवाणखाना यायचा. गाण्याबरोबर तिनं अदा करावी, हावभाव करावेत, श्रीमंत यजमानाचं मन रमवावं अशी अपेक्षा असायची. त्या बायकांनीही विद्या जिवंत ठेवली, त्यांना कमी लेखू नका. पण समाजानं त्यांची विद्या घेतली आणि मान दिला नाही. हिराबाई तंबोरे लावून, बुवा-खाँसाहेबांसारख्या शांत मांडी घालून बसल्या आणि नुसतं गायल्या. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्री गायिकांमध्ये त्यांचं नाव घेतात. विष्णू दिगंबरांनी उघडलेलं तिकिटाचं दार ऐकणाऱ्यांसाठी होतं. हिराबाईंनी त्याच दारातून बाईला बैठकीवर आणून बसवलं. 1970 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पण त्यांची खरी कमाई तुमच्या-आमच्या घरात आहे. गणपतीत, नवरात्रात एखादी सून पेटी पुढे ओढून गाते आणि कोणी नाक मुरडत नाही, ती ही कमाई.

आणि हे एकाच घरात झालं असं समजू नका. मिरजेपासून हाकेच्या अंतरावर सांगली. गोव्यातल्या कुर्डी गावची मोगूबाई कुर्डीकर लहान असताना तिची आई जयश्रीबाई तिला घेऊन घराबाहेर पडली, मुलीला गाणं यावं म्हणून. नाटक मंडळीत मुलीची सोय लावली. 1914 साली आई वारली तेव्हा मोगूबाई दहा वर्षांच्या होत्या. पुढे त्या सांगलीत राहत असताना त्यांचं गाणं अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर पडलं आणि खाँसाहेब त्यांना शिकवू लागले. त्याच मोगूबाईंची मुलगी किशोरी आमोणकर. कुर्डी गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. पण त्या आईनं गावाबाहेर टाकलेलं पाऊल बुडालं नाही.

म्हणून मला या इतिहासातून एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. बाळकृष्णबुवा, विष्णू दिगंबर, अब्दुल करीम खाँ निघाले आणि गुरू, दरबार, मैफल शोधत गेले. त्यांना ‘कुठं चाललास’ असं विचारणारं कोणी असेल, पण ‘तुझ्या चालीचं काय’ असं कोणी विचारलं नाही. बाईला एकटीनं निघता आलं नाही. हिराबाईंच्या मागं ताराबाई होत्या, मोगूबाईंच्या मागं जयश्रीबाई. एक बाई बैठकीवर मानानं बसली, कारण दुसरी बाई आधी उंबरा ओलांडून गेली होती आणि लोकांचं बोलणं तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

आम्ही मिरजेत एका रात्री मैफलीला बसलो. आमच्यातल्या कोणालाच राग ओळखता येत नव्हता. सुरुवातीला गाणं फार सावकाश वाटलं, एकीला तर डुलकी लागली. मग तंबोऱ्यांचा आवाज हळूहळू अंगात भिनायला लागला. आमच्या मंडळातल्या थोरल्या मावशी, ज्यांनी साठ वर्षांत पंढरपूर आणि जेजुरी सोडून दुसरं गाव बघितलं नव्हतं, त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हे आपल्या जात्यासारखंच आहे गं. एक आवाज खाली फिरत राहतो आणि त्याच्यावर बाई गाते." एवढं नेमकं मला कोणत्या पुस्तकात वाचायला मिळालं असतं? मावशींना ते कळलं, कारण त्या तिथं येऊन बसल्या होत्या.

तंबोरा आम्ही अजून घेतलेला नाही. पैशाचं गणित मांडतो आहोत. पण दुसरं एक काम सुरू केलं आहे. आमच्या गटातल्या एकीच्या मुलीला गाणं शिकायचं आहे. क्लास संध्याकाळी, तोही लोकलनं जावं लागेल अशा गावाला. सुटायला अंधार होतो. घरातून उत्तर ठरलेलं होतं, "आणायला-सोडायला कोण जाणार?" आई शेतावर, बाप पाळीच्या ड्युटीवर. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आम्ही पाळी लावली. सोमवारी एकीनं, गुरुवारी दुसरीनं. ज्या दिवशी जिची पाळी, ती मुलीबरोबर जाते, तास-दीड तास क्लासच्या बाहेर बाकावर बसते आणि तिला घेऊन परत येते. बसल्या बसल्या तीही गाणं ऐकते. आता दोघी जणी म्हणतात, आम्हालाच शिकवाल का म्हणून बाईंना विचारू.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात अशी एखादी मुलगी असेलच. गाणं असो, ढोलकी असो, कबड्डी असो, नाहीतर कॉम्प्युटर. तिला शिकवणारे मिळतात, फीसाठी गटातून उचल मिळते. अडतं ते तिच्याबरोबर जायला कोणी नसतं म्हणून. तेवढं आपण करू शकतो. आणि वर्षातून एकदा, पाच-सहा जणींनी मिळून, पाठीला सॅक लावून एखादं नवं शहर ऐकून यायला काय हरकत आहे? कर्जतहून पुण्याकडे जाणाऱ्या काही गाड्या पुढे मिरजेवरून कोल्हापूरला जातात. घरी कोणी विचारलं, तिथं देव कुठला, तर सांगा, आहे, आणि त्याच्या दारात गाणंही आहे.

आज इथंच थांबते. तुमच्या आजीच्या, धवलारणीच्या तोंडची गाणी असतील तर आम्हाला कळवा, तुमच्या गावात येऊन ती रेकॉर्ड करू.